‘नोकरी नाही तर फी परत’: पुण्यातल्या नोकरी-हमी कोर्सचा रिव्ह्यू, पावतीपासून ग्राहक आयोगापर्यंत

कर्वे रोडपासून हडपसर-वाकडपर्यंत विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि रोज मोबाइलवर दिसणाऱ्या त्या जाहिराती सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. फुल स्टॅक, डेटा ॲनालिटिक्स, सॉफ्टवेअर टेस्टिंग. सहा महिने. ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’, ‘नोकरी नाही तर फी परत’. हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे. कुठल्या एका क्लासचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण या धंद्यातल्या करारांचा साचा जवळपास एकच असतो. बोर्डावरचं नाव तेवढं निराळं.

आधी निकाल सांगून टाकू. शिकवणं मध्यम, काही ठिकाणी चांगलं. नोकरीची हमी अटींमध्ये विरघळून जाते. फी परत मिळण्याची सोय सगळ्यांत वाईट, आणि तिचं मूळ वर्गात नसतं, हप्त्यांच्या फॉर्ममध्ये असतं. काउन्सेलरसमोर बसल्यावर आपण एकच गोष्ट विकत घेतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात दोन करार होतात. एक क्लासशी, शिकवण्याचा आणि नोकरीचा. दुसरा एखाद्या एनबीएफसीशी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीशी, कर्जाचा. भांडण होतं पहिल्या करारावरून आणि पैसे जात राहतात दुसऱ्यातून. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

फी आणि हप्ता

समजा फी ८०,००० रुपये सांगितली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४,४००. एकूण ९४,४००. बारा ‘नो कॉस्ट’ हप्ते केले की महिन्याला साधारण ७,८६७ रुपये. आधार ओटीपी, पॅनचा फोटो, एक सेल्फी, बँक खात्याचं नॅच मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी), आणि पंधरा मिनिटांत काम होतं. बऱ्याच मुलांना आपण ‘हप्त्याने फी भरतोय’ एवढंच ठाऊक असतं. कर्ज घेतल्याचं कळतं ते पहिला हप्ता चुकल्यावर वसुलीवाल्याचा फोन येतो तेव्हा.

‘नो कॉस्ट’चं गणित सरळ आहे. एनबीएफसी आपलं व्याज आधीच कापून घेते आणि उरलेली रक्कम क्लासच्या खात्यात एकरकमी टाकते. व्याजाचा भार कागदोपत्री क्लासवर असतो, पण तो धरूनच फी ठरवलेली असते. म्हणून रोख भरतो म्हटल्यावर दहा-पंधरा हजारांची ‘खास सूट’ लगेच निघते. क्लासला त्याचे पैसे पहिल्याच आठवड्यात पोहोचलेले असतात. त्यानंतर पोराला नोकरी लागली काय आणि नाही लागली काय, त्याच्या गल्ल्यात फरक पडत नाही. हमी पाळण्याचं कारणच तिथे संपतं.

दोन महिन्यांनी कोर्स सोडला तर वरच्या उदाहरणात १५,७३४ रुपये गेले आणि ७८,६६६ रुपये डोक्यावर राहिले. क्लास म्हणतो, फी नॉन-रिफंडेबल. एनबीएफसी म्हणते, तुमचा वाद क्लासशी, आमचा हप्ता द्या. दोघंही आपापल्या कागदापुरते बरोबर असतात.

सही करण्याआधी इथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने ते द्यावंच लागतं. त्यात वार्षिक दर, सगळे आकार, हप्त्यांची संख्या आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं. क्लासच्या टॅबवर अंगठ्याने सरकवून ‘ॲग्री’ दाबू नका, पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर मागून घ्या. दुसरी, कूलिंग-ऑफचा काळ. डिजिटल कर्जात मुद्दल आणि त्या दिवसांपुरता आकार परत करून दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुदत असते. ती किमान एक दिवस, नेमकी किती ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं. घरी जाऊन विचार करायला तेवढा वेळ हक्काचा आहे, फक्त तो आहे हे काउन्सेलर सांगत नाही. तिसरी, पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि किती गेले. त्याचा पुरावा पुढे फार कामाला येतो.

पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’चा शिक्का असला म्हणून विषय संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इस्लामिक ॲकॅडमीच्या निकालात संस्थांनी एका वर्षाची किंवा एका सत्राचीच फी आगाऊ घ्यावी असं म्हटलं होतं. त्याच धाग्याने राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०११ मध्ये फिटजी या कोचिंग संस्थेविरुद्धच्या प्रकरणात पूर्ण कोर्सची फी एकदम घेण्यावर ताशेरे ओढले. अशा शिक्क्याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या ‘अन्यायकारक करार’ या व्याख्येखाली आव्हान देता येतं.

‘फी देऊ, पण जीएसटी सरकारजमा झाला, तो परत मिळणार नाही’ हे वाक्यही नेहमीचं. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे न दिलेल्या सेवेपुरती क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम आणि त्यावरचा कर कमी करणारा कागद, काढता येते. मुदत असते ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे जुलै २०२५ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत. क्लासच्या सीएला हे पाठ असतं.

शिकवणं

यावर फार शाई खर्च करण्यासारखं नाही. जावा, एसक्यूएल, पायथन, सेलेनियम यांचं पायाभूत शिक्षण बहुतेक ठिकाणी बरं होतं. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर सहा महिन्यांत २६० तास होतात, आणि तेवढ्यात मन लावून बसणाऱ्याला लिहिता-वाचता येण्याइतका कोड येतो. खोट दोन ठिकाणी असते. डेमो लेक्चर घेणारे सर बॅचला शिकवत नाहीत. म्हणून डेमोऐवजी चालू बॅचच्या चौथ्या महिन्यातल्या एखाद्या तासाला मागे बसू द्या अशी मागणी करा. नाही म्हणाले तर उत्तर मिळालं. दुसरी खोट प्रोजेक्टची. चाळीस मुलांच्या रेझ्युमेवर तेच ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ आणि तेच शॉपिंग साइटचं क्लोन असतं. मुलाखत घेणारा पहिल्या मिनिटात क्लास ओळखतो.

हमीची कलमं

जाहिरातीत ‘जॉब गॅरंटी’, पावतीवर ‘प्लेसमेंट असिस्टन्स’, करारात ‘बेस्ट एफर्ट्स’. एकाच गोष्टीची ही तीन नावं, आणि भांडणात टिकतं ते तिसरं. बऱ्याच ठिकाणी हा करार स्टॅम्प पेपरवर असतो आणि ‘बघा, स्टॅम्पवर लिहून देतो’ असं छाती ठोकून सांगतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो, एवढाच त्याचा अर्थ. कागद महाग झाला म्हणून आतलं कलम पक्कं होत नाही. शिवाय मूळ प्रत क्लासकडे राहते आणि मुलाकडे मोबाइलमधला तिरका फोटो. दोन्ही बाजूंच्या सह्यांची प्रत हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया देऊ नका.

आता त्या अटी. हजेरी ८० ते ८५ टक्के. सगळे असाइनमेंट मुदतीत. प्रत्येक मॉक इंटरव्ह्यूत साठ-सत्तर टक्के गुण. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीत ६० टक्के. ही अट प्रवेश देताना कोणी विचारत नाही. बारावीला ५४ टक्के असलेल्या मुलाकडून पूर्ण फी घेतात आणि सहाव्या महिन्यात तो ‘नॉट एलिजिबल’ ठरतो. शिक्षणात एक-दोन वर्षांहून जास्त खंड नको. भारतात कुठेही, कुठल्याही शिफ्टला जायची तयारी हवी. आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘रिलेटेड रोल’. कोर्स फुल स्टॅकचा, पण कॉल सेंटरमधलं टेक सपोर्ट किंवा सॉफ्टवेअर विकणारा सेल्समन हेसुद्धा ‘रिलेटेड’. एक ऑफर नाकारली की हमी रद्द.

काही करारांत हमी नोकरीची नसतेच, मुलाखतींची असते. ‘किमान पाच संधी’ दिल्या की क्लास मोकळा. या पाच कशा भरतात ते बघण्यासारखं आहे. चाकण नाहीतर खराडीला पूल ड्राइव्ह, म्हणजे अनेक संस्थांच्या मुलांची एकत्र भरती, शेकडो मुलांची रांग, रात्री अकराला मेल आणि सकाळी आठला हजर. न पोहोचलेला मुलगा ‘ॲबसेंट’ आणि संधी एक झाली. नुसती लिंक पाठवणं हीसुद्धा काही ठिकाणी संधी धरली जाते. अशा प्रत्येक मेलला त्याच वेळी उत्तर द्या. मेल किती वाजता मिळाला, ड्राइव्ह किती वाजता होता, पद कोणतं होतं, कंपनीने तुमचा रेझ्युमे मिळाल्याचं सांगितलं का. पुढे ‘आम्ही पाच संधी दिल्या’ असा तक्ता आयोगासमोर येतो, तेव्हा हीच उत्तरं तो फोडतात.

पगाराची ओळ तशीच. ‘किमान तीन लाख सीटीसी’ म्हणजे हातात महिना पंचवीस हजार, असं मूल धरून चालतं. सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या वर्षाच्या एकूण खर्चात, बोनस, इन्सेंटिव्ह, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं असतं. करारात ‘फिक्स्ड’ शब्द नसेल तर तीन लाखांतले पाऊण लाख कधीच न मिळणारे निघू शकतात. तीन महिने बिनपगारी ‘ट्रेनिंग’ आणि मग दोन वर्षांचा बाँड, अशी ऑफरही ‘प्लेसमेंट’ म्हणून मोजली जाते. कधी ती ऑफर क्लासच्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीची असते. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर दोन्हींचे संचालक पाच मिनिटांत ताडून बघता येतात.

९१ टक्के कुठून येतात

समजा ६० जणांनी प्रवेश घेतला. ४० जणांनी कोर्स पुरा केला. अटींच्या चाळणीतून २२ ‘एलिजिबल’ राहिले आणि त्यांतल्या २० जणांना काही ना काही मिळालं. २२ पैकी २० म्हणजे ९१ टक्के, ते बोर्डावर जातं. ६० पैकी २० म्हणजे ३३ टक्के, ते कुठेच जात नाही. स्वतःच्या ओळखीने नोकरी लागलेले त्या २० मध्ये असतात, आणि एकाला दोन ऑफर आल्या तर दोनदा मोजलेलेही सापडतात.

ही कला इथली नाही. अमेरिकेत कोरिन्थियन कॉलेजेस नावाची व्यावसायिक शिक्षणाची मोठी साखळी होती. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने २०१४ मध्ये दावा लावला तेव्हा त्यात म्हटलं होतं की एक दिवस टिकलेली नोकरी, दुसऱ्या दिवसाचं आश्वासन असलं की, ‘करिअर’ म्हणून मोजली जात होती. माजी विद्यार्थ्यांना तात्पुरतं कामावर ठेवण्यासाठी मालकांना पैसे दिल्याचाही आरोप होता. साखळी एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली आणि जून २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या ५,६०,००० कर्जदारांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. ‘आधी शिका, नोकरी लागल्यावर फी द्या’ हा प्रकार आपल्याकडे हिरिरीने खपतो, त्याचंही उदाहरण तिथेच आहे. ब्लूमटेक, म्हणजे आधीचं लॅम्डा स्कूल ही कोडिंग शिकवणारी संस्था, ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट सांगत होतं. एप्रिल २०२४ च्या आदेशात त्याच ब्युरोने नोंदवलं की संस्थेच्या आतल्या आकड्यांत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही बॅचना ३० टक्क्यांपर्यंत खाली होतं. ‘कर्ज नाही’ म्हणून विकलेला करारही कर्जच ठरला. म्हणून ‘पे आफ्टर प्लेसमेंट’च्या करारात दोन ओळी शोधायच्या. नोकरी तुम्ही स्वतः मिळवली तरी टक्केवारी द्यायची का, आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम एकदम देणं लागतं का.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीच्या हमीचे खोटे दावे, यशाचे फुगवलेले आकडे, परताव्याबद्दल चुकीची माहिती, हे सगळं त्यात येतं. उमेदवाराचा फोटो लावायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. कायद्यात दंड पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पण हे प्राधिकरण तुमची फी परत मिळवून देत नाही, ते जाहिरातीवर कारवाई करतं. त्याच्याकडे केलेली तक्रार हा तुमच्या फाइलमधला एक कागद समजा.

आकडा खरा की खोटा हे बघायचं असेल तर शेवटच्या बॅचची यादी मागू नका, तिच्या आधीच्या बॅचची मागा. दहा नावं घ्या आणि लिंक्डइनवर बघा की आज, वर्षभरानंतर, ते कुठे आहेत. भिंतीवरच्या कंपन्यांच्या लोगोंचं काय करायचं? काही नाही. तो रंग आहे.

‘एक्स्पिरियन्स लावून देतो’

यावर वेगळं लिहायलाच हवं, कारण वादात अडकलेल्या मुलाला क्लास शेवटी हा रस्ता दाखवतो. फ्रेशर म्हणून कॉल येत नाहीत, तर दोन वर्षांचा अनुभव ‘लावू’. कागदावरच्या कंपनीचं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, पंचवीस-तीस हजारांत सगळा संच. पकडलं जातं ते असं. नवी कंपनी यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागते. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, नोंदीत त्या दोन वर्षांचा एकही भरणा नसतो. आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये पगारावरचा टीडीएस नसतो, बँक खात्यात पगार जमा झालेला नसतो. मुलाखत पास होऊन कामावर रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा अहवाल येतो आणि त्याच दिवशी लॅपटॉप जमा करून घेतात. ती कंपनी तुम्हाला पुन्हा दारात उभं करत नाही. खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि सही तुमची असते, क्लासची नाही. वादाच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे असा संच घेतलेल्या मुलाची फी-परताव्याची तक्रार क्लास एका वाक्यात उडवतो. म्हणून ही ऑफर व्हॉट्सॲपवर आली तर तो मेसेज पुसू नका. क्लासविरुद्धचा तुमच्याकडचा सगळ्यांत जड पुरावा तोच ठरू शकतो.

वाद लागल्यावर

हप्ता एकदम बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. नको. नॅचचा हप्ता परत गेला तर बँकेचा आणि एनबीएफसीचा, असे दोन दंड बसतात, क्रेडिट रिपोर्टवर डाग पडतो, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ प्रमाणे चेक बाऊन्ससारखाच फौजदारी खटला लागू शकतो. आधी पत्र, मग बाकीचं.

पत्र एकच, पण दोघांना. क्लास आणि एनबीएफसीचा तक्रार अधिकारी यांना एकाच ईमेलमध्ये. तारखांनुसार लिहायचं: प्रवेश कधी, किती भरले, किती तास झाले, काय ठरलं होतं, काय मिळालं नाही, किती परत हवं आणि कशाच्या हिशेबाने. सहा महिन्यांपैकी दोन झाले असतील तर चार षष्ठांश, म्हणजे ९४,४०० मधले ६२,९३३. रागाने पूर्ण फी अधिक पाच लाख मानसिक त्रास असं लिहिलं की वाचणारा पहिल्या ओळीतच गंभीरपणे घेत नाही. पंधरा दिवसांची मुदत द्या. एनबीएफसीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. तिथे ‘क्लासने फसवलं’ हा मुद्दा चालणार नाही. ‘की फॅक्ट स्टेटमेंट दिलं नाही’, ‘कूलिंग-ऑफ सांगितला नाही’, ‘कर्ज आहे हे लपवलं’, ‘वसुलीवाल्याने वडिलांना फोन करून धमकावलं’ हे चालेल.

त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करा. बरेच क्लास इथेच नरमतात. हेल्पलाइन सक्ती करू शकत नाही, पण क्लासचं जे लेखी उत्तर येतं त्यात तो बहुधा एखादी गोष्ट कबूल करून बसतो.

नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ‘सर्व वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडेच’ असं करारात असलं तरी घाबरायचं कारण नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम ग्राहक आयोगाचं दार बंद करत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ या बिल्डरच्या प्रकरणात मान्य केलं आहे. लातूरचा मुलगा पुण्यातल्या क्लासविरुद्ध लातूरला तक्रार करू शकतो. तारखेला पुण्यापर्यंतचं एसटीचं भाडं वाचतं हा फायदा छोटा नाही.

मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून. ‘पुढच्या महिन्यात बघू’ अशी आश्वासनं घेत बसलात तर ती वाढत नाही. नुसत्या आठवणीच्या पत्रांनी मुदत वाढल्याचं आयोग सहसा मानत नाहीत.

तक्रारीत प्रतिपक्ष कोण लिहायचा यावर कित्येक प्रकरणं अडकतात. बोर्डावर एक नाव, पावतीवर दुसरं, करारात तिसरं. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी जीएसटी पोर्टलवर टाका, कायदेशीर नाव आणि पत्ता तिथे येतो. तो प्रतिपक्ष एक. एनबीएफसी प्रतिपक्ष दोन, नाहीतर निकाल लागूनही हप्ते चालू राहतात. मागण्यांमध्ये फक्त ‘फी परत’ लिहू नका. कर्ज बंद करून ना-देय दाखला द्यावा, वसुली थांबवावी आणि क्रेडिट नोंद दुरुस्त करावी, हे स्वतंत्र कलमांत मागा.

क्लासचा पहिला बचाव ठरलेला: ‘आम्ही शिक्षणसंस्था आहोत, शिक्षण ही सेवा नाही, ग्राहक कायदा लागू नाही.’ हा पोकळ नाही. राष्ट्रीय आयोगाने २० जानेवारी २०२० रोजी विनायक मिशन विद्यापीठाच्या प्रकरणात व्यावसायिक अभ्यासक्रमांसह शिक्षणसंस्थांना कायद्याबाहेर ठेवलं, मात्र कोचिंग संस्थांना त्यातून वगळलं. म्हणजे भांडण या मुद्द्यावर येतं: समोरचा शिक्षणसंस्था की कोचिंग? इथे क्लासचं स्वतःचं बिल कामाला येतं. त्यावर एसएसी (सेवेचा जीएसटी संकेतांक) ९९९२९३ असेल तर त्या संकेतांकाचा अर्थच ‘व्यापारी प्रशिक्षण आणि कोचिंग सेवा’. १८ टक्के कर त्याच नावाखाली घेतलेला असतो. कर घेताना कोचिंग आणि परतावा देताना विद्यापीठ, हे आयोगासमोर जमवणं क्लासला अवघड जातं. म्हणून कच्ची पावती, वहीतली नोंद, ‘जीपेवर सरांच्या नंबरला टाका’ हे काही चालवून घेऊ नका. पक्कं कर-बिल मागा.

खरोखर मान्यता असलेली संस्था असेल, म्हणजे आयटीआय किंवा राज्य कौशल्य मंडळाचा अभ्यासक्रम, तर हा बचाव लागू पडू शकतो. तिथे तक्रार मान्यता देणाऱ्या मंडळाकडे किंवा व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे न्यावी. ‘शासनमान्य’ शब्द मात्र तपासून घ्या. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योग म्हणून स्वतःच भरलेला फॉर्म. गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना. आयएसओ ९००१ खाजगी संस्था देते. या तिन्हींचे फ्रेममधले दाखले रिसेप्शनवर हमखास असतात आणि यांतला एकही अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही.

पुराव्याचं थोडक्यात. जाहिरातीचं स्क्रीन रेकॉर्डिंग, वर तारीख दिसेल असं. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून, फक्त स्क्रीनशॉट नव्हे. काउन्सेलरचा नंबर क्लासच्या नावाशी जोडणारं काहीतरी, कारण वाद लागेपर्यंत काउन्सेलर दुसऱ्या क्लासमध्ये असतो. आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, जे पूर्वी ६५ब म्हणून ओळखलं जायचं. मूळ गुणपत्रिका क्लासकडे ‘ठेवायला’ दिल्या असतील तर त्या परत मागण्याचं वेगळं पत्र पहिल्याच दिवशी. बॅचमधल्या पाच-सहा जणांची कागदपत्रं एकसारखी असतील तर एकत्र या. एकट्याची तक्रार क्लास वैयक्तिक कामगिरीवर ढकलतो, ‘याची हजेरीच नव्हती’ म्हणून.

कोणी घ्यावा, कसा घ्यावा

पदवी झालेली, तिन्ही टप्प्यांत ६० टक्के, भाषेचा पाया पक्का हवाय आणि नोकरी स्वतः शोधायची तयारी, अशा मुलाने हमी नसलेला, निम्म्या फीचा साधा कोर्स घ्यावा. हमीसाठी जादा मोजलेल्या पैशांचं त्याला काही मिळत नाही. बारावी किंवा त्याआधीच सोडलेल्याने या वाटेला जाऊच नये. औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या ठिकाणी फी नगण्य आहे, राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेलं प्रमाणपत्र मिळतं आणि शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ खाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येतं. चाकण-रांजणगावला फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतात.

हमीचाच कोर्स घ्यायचा असेल तर पावतीच्या मागे पाच ओळी हाताने लिहून सही-शिक्का घ्या. नोकरी म्हणजे कोणत्या पदांची. फिक्स्ड पगार किती. कोर्स संपल्यापासून किती महिन्यांत. नाही लागली तर जीएसटीसह किती दिवसांत परतावा. कर्ज असेल तर ते कोण बंद करून देणार. याशिवाय फी तीन टप्प्यांत द्या, तिसरा टप्पा नोकरीनंतर. पहिल्या चार ओळींवर काउन्सेलर बहुधा हसत सही करतो. पाचवीला तो ‘मॅनेजरला विचारून सांगतो’ म्हणून आत जातो, आणि तिथे तुम्हाला त्या क्लासबद्दल जे कळायचं ते कळतं.

परतावा मिळाला, समेट झाला किंवा आदेश लागला, तरी फाइल लगेच फाडू नका. क्लासने रक्कम एनबीएफसीला परत केली का ते लेखी घ्या, नॅच मॅन्डेट बँकेत जाऊन रद्द करा, महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. कर्ज अजून ‘चालू’ किंवा ‘थकीत’ दिसत असेल तर क्रेडिट कंपनीकडे ऑनलाइन दुरुस्ती नोंदवा. ३० दिवसांत ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या खात्यात जमा व्हायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आयोगाचा आदेश असूनही क्लास पैसे देत नसेल तर त्याच आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज करायचा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपयांचा दंड आहे, आणि अटक वॉरंटची नुसती चाहूल लागली की एवढे दिवस फोन न उचलणारे संचालक स्वतःहून चेक घेऊन येतात.